शहराचा गाळ, शेतातले धातू

मैलापाणी शुद्ध करताना तळाशी जो चोथा साचतो तो गाळ. या गाळात नत्र आणि स्फुरद चांगल्या प्रमाणात असते, त्यामुळे तो शेताला घालावा हा विचार शुद्धीकरण केंद्रांइतकाच जुना आहे. पण त्याच गाळात कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे, निकेल, क्रोमियम आणि पारा हे धातूही येतात. गाळातले नत्र काही हंगामांत पिके उचलतात, सेंद्रिय भाग कुजून जातो. धातू मात्र कुजत नाहीत, आणि बहुतेक जमिनींत पाण्याबरोबर फारसे खोल झिरपतही नाहीत. दर वर्षीची भर आधीच्या शिलकीत जमा होत राहते. ही गोष्ट कळायला, कळल्यावर मान्य करायला आणि मान्य केल्यावर तिच्यावर इलाज शोधायला युरोप-अमेरिकेला साधारण शंभर वर्षे लागली. या काळात वाद झाले ते बहुतेक शेतावरून, मर्यादाही ठरल्या मातीच्या आणि पिकांच्या. मोठा फरक पडला तो कारखान्यांच्या मोऱ्या तपासल्या जाऊ लागल्यावर.

भुयारी गटारे येण्यापूर्वी हा प्रश्न नव्हता. माणसाचा मैला शेतात नेण्याची प्रथा चीन-जपानमध्ये शतकानुशतके होती, आणि मराठी मुलखात त्यापासून केलेल्या खताला सोनखत म्हणत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे, नाशिक यांसारख्या गावांत नगरपालिकेने राख-कचऱ्यात मुरवलेले सोनखत ऊसवाले शेतकरी विकत घेत. पुढे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली ती नगरपालिकांनी मैल्यासाठीही वापरली. हे सोनखत डोक्यावरून वाहून नेण्याचे काम ठरावीक जातींच्या माथी मारले गेले होते, तो या खताचा काळा इतिहास आहे. रसायनाच्या दृष्टीने मात्र ते खत निर्धोक होते. त्यात रोगजंतू असत, पण धातू जेवढे अन्नातून आले तेवढेच, म्हणजे थोडे जस्त आणि त्याहून थोडे तांबे. संडास आणि कासाराची भट्टी यांचे सांडपाणी एका नळात येत नव्हते, एवढेच त्याचे कारण.

ते एका नळात आणले एकोणिसाव्या शतकातल्या गटार योजनांनी. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांपर्यंत पोचली आणि जोसेफ बॅझलगेट यांच्या आराखड्याला पैसे मंजूर झाले. त्यानंतर युरोपातल्या मोठ्या शहरांनी एकामागून एक भुयारी गटारे बांधली. या गटारांत घरचा मैला तर येईच, शिवाय मुलामा देणाऱ्यांचे आम्ल, रंगाऱ्यांचे रंग, चामडी कमावणाऱ्यांचे पाणी, छापखान्यांतले शिसे आणि रस्त्यांवरून वाहून आलेला पावसाळी गाळही येई. पॅरिसमध्ये तर घरांची छपरेच जस्ताच्या पत्र्याची, त्यामुळे पावसाचे पाणीही जस्त घेऊन उतरे. आरोग्य अभियंत्यांना तेव्हा पटकी आणि विषमज्वराची चिंता होती, आणि ती रास्त होती. गटारात काय सोडावे आणि काय सोडू नये हा प्रश्न त्या पिढीने फारसा विचारला नाही.

गटारातले पाणी पुढे न्यायचे कुठे, याचे पहिले उत्तर होते मैलापाण्यावरची शेती. पॅरिसने 1869 च्या सुमारास सेन नदीच्या वळणातल्या जेनविलिए या गावाच्या रेताड जमिनीवर पाणी सोडायला सुरुवात केली. भाजीपाला इतका फोफावला की पुढे अशेर आणि पिएरले या भागांतही हीच शेती पसरली. शतक संपताना तिने हजारो हेक्टर व्यापले होते. बर्लिनमध्ये जेम्स होब्रेख्त यांनी शहराचे बारा विभाग पाडले, प्रत्येक विभागाचे मैलापाणी पंपाने शहराबाहेर ढकलले आणि 1876 पासून ते महापालिकेच्या मालकीच्या शेतांवर पसरले. कोबी, बीट आणि जनावरांचा चारा यांची रेलचेल झाली. मैलापाण्यातला घन भाग जमिनीवरच बसे, म्हणजे गाळ वेगळा न काढताच तो शेताला मिळे. नत्राचा हिशेब मांडला गेला, रोगजंतूंचीही चर्चा झाली. मातीतल्या धातूंचा हिशेब मात्र कुणाच्या वहीत नव्हता.

लंडनने दुसरा मार्ग धरला. 1887 पासून तिथला गाळ जहाजात भरून थेम्सच्या मुखाबाहेर समुद्रात ओतला जाऊ लागला. या कामावरच्या पहिल्या जहाजाला बॅझलगेट यांचेच नाव दिले होते. हा क्रम 1998 च्या अखेरपर्यंत, म्हणजे एकशे अकरा वर्षे चालला. न्यूयॉर्कनेही 1924 पासून आपला गाळ समुद्रात टाकला आणि 1992 मध्ये तो टाकणे थांबवले. समुद्र बंद झाला की गाळ जमिनीकडे वळणार हे उघड होते.

शेतातल्या गाळाचे खरे युग 3 एप्रिल 1914 रोजी सुरू झाले असे म्हणता येईल. त्या दिवशी मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी आपला निबंध वाचला. डेव्हिहुल्मच्या मैला केंद्रात त्यांनी मैलापाण्यातून हवा फुंकली आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या घाण्यात पुन्हा वापरला. त्या गाळातले जिवाणू इतके जोमाने कामाला लागत की जे शुद्धीकरण व्हायला आठवडे लागत, ते काही तासांत होई. ‘सक्रिय गाळ’ या नावाने ही पद्धत जगभर गेली. या संशोधनाला दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. पद्धत स्वस्त होती आणि कमी जागेत बसणारी होती, पण तिच्यातून गाळ भरमसाट निघे. त्या गाळाचे करायचे काय?

याचे सर्वांत धाडसी उत्तर अमेरिकेत मिलवॉकी शहराने दिले. मिशिगन सरोवराच्या काठचे हे शहर दारूच्या भट्ट्या, चामड्याचे कारखाने आणि यंत्रांच्या फाउंड्र्या यांचे. तिथले जोन्स आयलंड केंद्र 1925 मध्ये सुरू झाले. गाळ भट्टीत वाळवून त्याचे दाणे करायचे आणि पोत्यांत भरून विकायचे असे ठरले, आणि 1926 पासून ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने ते खत बाजारात आले. विस्कॉन्सिन विद्यापीठात ओ. जे. नोएर यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या. त्यात सुमारे सहा टक्के नत्र निघाले, तेही हळूहळू सुटणारे, म्हणजे गवत जळण्याची भीती नाही. गाळातले पाणी काढण्यासाठी लोहाचा क्षार घातला जाई, त्याने गवताला गडद हिरवा रंग येई. गोल्फ मैदानांचे माळी या खतावर खूश झाले आणि मिलवॉकीचा मैला देशभर विकला जाऊ लागला. मैल्यातून पैसा मिळवणारे शहर म्हणून मिलवॉकीचा दाखला पुढे जिथे-तिथे दिला जाई. त्याच शहरातल्या चामड्याच्या कारखान्यांचे क्रोमियम आणि मुलामा देणाऱ्यांचे कॅडमियमही त्याच दाण्यांतून देशभर जात होते, पण ते पोत्यावर छापायची गरज तेव्हा कुणाला वाटली नाही.

धातू गाळातच का गोळा होतात याचे कारण शुद्धीकरणाच्या प्रक्रियेतच आहे. मैलापाण्यात विरघळलेल्या धातूंचे कण जिवाणूंच्या चिकट गोळ्यांना धरून बसतात, काही फॉस्फेटबरोबर साक्याच्या रूपात खाली येतात. हवाबंद टाकीत गाळ कुजवला की तिथल्या गंधकाशी त्यांचे संयुग होऊन ते आणखी घट्ट अडकतात. आत आलेल्या धातूंपैकी बहुतेकांचा सत्तर ते नव्वद टक्के भाग असा गाळात उतरतो. निकेल मात्र बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते. शिवाय कुजताना सेंद्रिय भागाचे वायू होऊन वजन घटते आणि धातू तेवढेच राहतात, त्यामुळे गाळ जितका चांगला मुरवावा तितके त्यातले धातूंचे प्रमाण चढते. केंद्र जितके कार्यक्षम, तितके बाहेर पडणारे पाणी स्वच्छ आणि गाळ जड. नदी वाचवण्याची ही किंमत होती आणि ती मोजायची वेळ शेतावर आली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला खताची चणचण भासू लागली. रॉथमस्टेड संशोधन केंद्राने 1942 मध्ये बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या हलक्या वाळूमिश्रित जमिनीवर एक प्रयोग मांडला. पश्चिम लंडनच्या औद्योगिक भागातला मैल्याचा गाळ, शेणखत आणि कंपोस्ट शेजारशेजारच्या वाफ्यांत घालून भाजीपाल्याचे उत्पन्न मोजायचे, एवढाच त्याचा उद्देश होता. गाळ घालणे 1961 पर्यंत चालले. धातूंचा विचार या आखणीत नव्हता, पण वाफे तसेच राखले गेले आणि दर काही वर्षांनी मातीचे नमुने बाटल्यांत भरून ठेवले गेले. नमुने जपून ठेवण्याच्या या सवयीने पुढे जे हाती दिले, ते मुद्दाम आखलेल्या प्रयोगांनाही क्वचितच देता आले आहे.

गाळातल्या धातूंकडे जगाचे लक्ष वळले ते जपानमुळे. तोयामा प्रांतातल्या जिंत्सू नदीकाठी वयस्क स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना होत. त्या रोगाला लोक ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती आणि तिच्यातले कॅडमियम नदीच्या पाण्यातून भातखाचरांत, तिथून तांदळात जात होते. 1968 मध्ये जपान सरकारने कॅडमियम हेच कारण असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. इथे मैल्याचा गाळ नव्हता, खाणीचे पाणी होते. पण कॅडमियम पिकाला इजा न करता धान्यात साठते आणि माणसाच्या मूत्रपिंडात दशकानुदशके मुक्काम करते, हे त्यातून स्पष्ट झाले. मग शहरांच्या गाळात कॅडमियम किती आहे याची विचारणा सुरू झाली.

ब्रिटनच्या कृषी सल्लागार सेवेने 1971 मध्ये पहिला व्यवहारी नियम दिला. पिकाला तांबे जस्ताच्या दुप्पट आणि निकेल आठपट अपायकारक धरून तिघांचा मिळून ‘जस्ततुल्य’ आकडा काढायचा, आणि तीस वर्षांत जमिनीत त्याची भर एका मर्यादेपुढे जाऊ द्यायची नाही. अमेरिकेत 1979 च्या नियमांनी कॅडमियमला थेट बांध घातला. तंबाखू, पालेभाज्या आणि कंदमुळे यांच्या जमिनीत वर्षाला हेक्टरी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कॅडमियम जाऊ नये, इतर पिकांसाठी 2 किलोपासून सुरुवात करून 1987 पर्यंत तीच अर्ध्या किलोची मर्यादा गाठावी, आणि जमिनीचा सामू 6.5 च्या खाली जाऊ देऊ नये, असे त्यात होते. सामूची अट महत्त्वाची होती, कारण जमीन आम्ल झाली की मातीने धरून ठेवलेले जस्त आणि कॅडमियम पुन्हा सुटे होते.

याच सुमारास अमेरिकी कृषी खात्याचे रूफस चेनी यांनी माती आणि पीक यांच्यामधल्या नैसर्गिक अडसराची कल्पना मांडली. शिसे आणि क्रोमियम मुळांशीच अडतात, पानांत फारसे चढत नाहीत. जस्त, तांबे, निकेल अति झाले तर माणसाला अपाय होण्याआधी पीकच पिवळे पडून मरते, म्हणजे धोक्याची सूचना आधी मिळते. कॅडमियम या अडसरातून सुखाने पार होते. मॉलिब्डेनम आणि सेलेनियमही पार होतात, पण त्यांचा त्रास प्रामुख्याने चरणाऱ्या जनावरांना. ही मांडणी साधी आणि उपयोगी होती. नियमांचा पुढचा सारा डोलारा बऱ्याच अंशी तिच्यावरच उभा राहिला.

पण गाळ खऱ्या अर्थाने बदलला तो दुसऱ्याच एका नियमाने. 1972 च्या स्वच्छ जल कायद्याखाली अमेरिकेने 1978 मध्ये ठरवले की सार्वजनिक गटारात पाणी सोडण्यापूर्वी कारखान्याने ते आपल्या आवारातच शुद्ध करावे, आणि त्यानंतर एकेका उद्योगासाठी धातूंच्या मर्यादा घातल्या. आरंभीच्या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंगवाले होते. मुलाम्याच्या एका छोट्या कारखान्याचे धुण्याचे पाणी अख्ख्या गावाच्या गाळात कॅडमियम मिसळू शकते, हे तोवर उघड झाले होते. परिणाम आकड्यांत दिसतो. 1980 च्या सुमारास चाळीस शहरांच्या पाहणीत कोरड्या गाळात किलोमागे सरासरी 69 मिलिग्रॅम कॅडमियम होते, 1988 च्या राष्ट्रीय पाहणीत ते सुमारे 7 वर आले. क्रोमियम 429 वरून 119 वर, शिसे 369 वरून 134 वर उतरले. शिशाच्या घसरणीत बिनशिशाच्या पेट्रोलचाही वाटा होता. तांबे मात्र कमी झाले नाही, उलट 602 वरून 741 वर गेले. कारण ते कारखान्यांतून नव्हे, तर घरोघरच्या तांब्याच्या नळांतून झिजून येत होते, आणि स्वयंपाकघराच्या मोरीवर परवाना बसवता येत नाही.

मिलवॉकीतही हेच घडले. ऐन कॅडमियमच्या दिवसांत मिलॉर्गनाइटच्या पोत्यावर खाण्याच्या पिकांना हे खत घालू नये अशी सूचना छापावी लागली होती. 1987 मध्ये या खताचा संबंध फुटबॉल खेळाडूंना झालेल्या एका दुर्धर मज्जातंतुविकाराशी जोडणारी बातमी आली आणि गदारोळ झाला. चौकशीत तसा संबंध सिद्ध झाला नाही. शहराने मात्र मुलाम्याच्या आणि चामड्याच्या कारखान्यांवर नियंत्रण वाढवत नेले, कॅडमियम उतरले आणि पोत्यावरची सूचनाही गेली.

धातू उतरणीला लागले असतानाच वोबर्नचे वाफे बोलू लागले. 1984 मध्ये फिलिप ब्रुक्स आणि स्टीव्ह मॅकग्राथ यांनी दाखवले की, गाळ घालणे थांबून वीस वर्षे उलटली तरी त्या वाफ्यांतल्या मातीत सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान शेणखताच्या वाफ्यांच्या निम्मेच होते. त्यानंतर तिथे पांढरे क्लोव्हर लावले गेले. हे द्विदल चारापीक मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंकडून हवेतले नत्र मिळवते. गाळाच्या वाफ्यांत ते खुरटले. केन गिलर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कारण शोधले. त्या मातीत रायझोबियम शिल्लक होते, पण वेगवेगळ्या वाणांऐवजी जवळजवळ एकच वाण उरला होता, आणि तो नत्र बांधू शकत नव्हता. धातूंनी बाकीचे मारले होते. चेनी यांच्या मांडणीत पीक आणि माणूस यांचा विचार होता, मातीतल्या जिवाणूंचा नव्हता. पीक हिरवे दिसत असताना जमीन आतून दुबळी होऊ शकते, हा मुद्दा त्यामुळे प्रथमच ठोस पुराव्यासह पुढे आला.

वोबर्नने आणखी एक गैरसमज दूर केला. घातलेल्या धातूंचा हिशेब मातीतल्या धातूंशी जुळत नव्हता, काही भाग बेपत्ता होता. धातू खोल झिरपून गेले असावेत असा अंदाज होता, आणि काहींना तो दिलासाही वाटत होता. मॅकग्राथ यांनी जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून दाखवले की ते खाली गेलेच नव्हते. नांगरटीने माती थोडी थोडी बाजूला सरकत होती आणि तिच्याबरोबर धातू शेजारच्या वाफ्यांत गेले होते.

युरोपीय समुदायाने 12 जून 1986 रोजी गाळाच्या शेतीवापराचा निर्देश काढला. गाळात कॅडमियम किलोमागे 20 ते 40 मिलिग्रॅमपर्यंत आणि मातीत 1 ते 3 मिलिग्रॅमपर्यंत, अशा पट्टीत प्रत्येक देशाने आपली मर्यादा ठरवावी, असे त्यात होते. वोबर्नच्या निष्कर्षांनंतर ब्रिटनने नव्वदच्या दशकात मातीतल्या जस्ताची मर्यादा 300 वरून 200 वर आणण्याचा सल्ला दिला. अमेरिकेने फेब्रुवारी 1993 मध्ये काढलेले नियम मात्र बरेच सैल होते. विनानोंद, हवा तितका वापरता येईल अशा गाळात कॅडमियम 39, शिसे 300, जस्त 2800 मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे त्यांत ठरले. युरोप मातीत धातू साठूच नयेत या बाजूने विचार करत होता, अमेरिका माणसाला किंवा जनावराला अपाय होईपर्यंत किती साठले तरी चालेल याचा हिशेब मांडत होती. क्रोमियमची मर्यादा तर चामडे उद्योगाने न्यायालयात आव्हान दिल्यावर 1994 च्या निकालानंतर वगळावी लागली. तिला पुरेसा शास्त्रीय आधार दाखवता आला नव्हता.

या सैलपणाने एक वाद पेटवला. गाळातला सेंद्रिय भाग धातूंना बांधून ठेवतो; तो कालांतराने कुजून संपला की धातू सुटे होऊन पिकांत जातील, असे कॉर्नेल विद्यापीठाचे मरे मॅकब्राइड यांचे म्हणणे. चेनी आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत की गाळातली लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे धातूंना कायमची धरून ठेवतात, त्यामुळे पिकांत जाणारे प्रमाण एका पातळीवर येऊन थांबते. लांब मुदतीच्या प्रयोगांतून दोघांनाही थोडाथोडा आधार मिळाला; जमीन आम्ल किंवा रेताड असेल तिथे मॅकब्राइड यांची भीती खरी ठरण्याचा संभव जास्त. जॉर्जिया राज्यात ऑगस्टा शहराचा गाळ घेणाऱ्या दुभत्या जनावरांच्या गोठ्यांत गायी मेल्या. तो खटला वर्षानुवर्षे चालला आणि 2008 मध्ये संघीय न्यायालयाने शहराने दिलेले गाळाचे आकडे विश्वासार्ह नसल्याचे नोंदवून शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिला. कागदावरच्या मर्यादा कितीही काटेकोर असल्या तरी मोजणाराच खोटे लिहीत असेल तर त्या निरुपयोगी, हे त्यातून दिसले.

पॅरिस आणि बर्लिनच्या जुन्या शेतांचा हिशेबही याच काळात पुरा झाला. पिएरले आणि अशेरच्या मातीत शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे आणि पारा इतके आढळले की 2000 च्या सुमारास तिथे भाजीपाला पिकवून विकण्यावर बंदी आली. बर्लिनच्या उत्तरेला होब्रेख्त यांच्याच नावाच्या होब्रेख्त्सफेल्डे भागात मैलापाणी सोडणे 1985 मध्ये थांबले आणि जंगल लावायचे ठरले. रोपे मोठ्या प्रमाणावर मेली. पाणी बंद झाल्याने रेताड जमीन कोरडी पडली होती, आणि साठलेला सेंद्रिय भाग कुजू लागून धातू सुटे होत होते. शेवटी धातूंना पुन्हा बांधण्यासाठी चुनखडीयुक्त चिकणमाती आणून जमिनीत मिसळावी लागली.

स्वित्झर्लंडने 2003 मध्ये गाळाच्या शेतीवापरावर बंदीचा निर्णय घेतला आणि ती 2006 पासून लागू केली. जर्मनीने 2017 मध्ये वेगळी वाट काढली. मोठ्या केंद्रांना 2029 पासून आणि मध्यम केंद्रांना 2032 पासून गाळातून किंवा त्याच्या राखेतून स्फुरद वेगळे काढावे लागेल. जाळल्यावर बहुतेक धातू राखेतच राहतात, त्यामुळे त्यांना स्फुरदापासून निराळे काढण्याचे काम आता रसायन कारखान्यांकडे आले आहे.

भारतात ही कथा सर्वांत ठळकपणे कानपूरला घडली. 1860 च्या दशकात लष्करासाठी खोगीर आणि साज बनवणारा सरकारी कारखाना तिथे निघाला आणि चामड्याचा धंदा रुजला. बाभळीच्या सालीने कातडी कमावण्याची जुनी रीत विसाव्या शतकात मागे पडून क्रोमियमच्या क्षाराने कमावणे सुरू झाले. पिंपात घातलेल्या क्रोमियमचा मोठा भाग कातडीत मुरतो, उरलेला पाण्याबरोबर बाहेर येतो. गंगा कृती योजनेत जाजमऊ येथे डच साहाय्याने 1994 मध्ये एक केंद्र बांधले गेले. त्यात दररोज 90 लाख लिटर चामड्याच्या कारखान्यांचे पाणी 2 कोटी 70 लाख लिटर घरगुती मैलापाण्यात मिसळून एकत्र शुद्ध होई. हेतू असा की घरच्या पाण्याने कारखान्याचे पाणी पातळ होऊन जिवाणू जगावेत. जिवाणू जगले, पण जो घरगुती गाळ खत म्हणून खपला असता तोही क्रोमियमने भरला. प्रक्रिया केलेले पाणी कालव्याने जाजमऊजवळच्या खेड्यांच्या शेतांत गेले आणि क्रोमियम तिथल्या मातीत साचले. नंतर मोठ्या कारखान्यांना क्रोमियम आवारातच परत मिळवण्याची सयंत्रे बसवायला लावली गेली. लहान कारखान्यांना त्याचा खर्च जड गेला.

भारतीय कायद्यात दोन्ही टोकांचे नियम आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात लिटरमागे कॅडमियम आणि शिसे 1 मिलिग्रॅम, क्रोमियम 2, तांबे आणि निकेल 3, जस्त 15 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसऱ्या टोकाला 2000 च्या घनकचरा नियमांत कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5, क्रोमियम 50, शिसे 100, जस्त 1000 आणि पारा 0.15 मिलिग्रॅम अशा मर्यादा आल्या. शहरी कंपोस्टच्या खत नियंत्रण आदेशातही हेच आकडे घेतले गेले. मैल्याच्या गाळासाठी त्या वेळी स्वतंत्र कायदेशीर मर्यादा झाल्या नाहीत, त्यामुळे केंद्रीय नगरविकास खात्याच्या 2013 च्या मार्गदर्शिकेने याच कंपोस्ट मर्यादा गाळालाही लावायला सांगितल्या. त्या अमेरिकेच्या मर्यादांहून कितीतरी कडक आहेत. पहिल्या टोकाची अंमलबजावणी मात्र राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांवर आहे, आणि गल्लीबोळांतल्या मुलाम्याच्या लहान कारखान्यांचे पाणी घरगुती गटारात मिसळत असेल, तर गाळ ती मर्यादा गाठेल की नाही हे शुद्धीकरण केंद्राच्या हातात राहत नाही.